घरपट्टीच्या बिलातली तिसरी ओळ

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी सून शाळेतल्या सभेहून परत आली ती हातात घरपट्टीचं बिल घेऊन. नगर परिषदेचा माणूस गल्लीतच भेटला, त्यानं बिल तिच्याच हाती दिलं. नातीच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर ती पालक म्हणून आहे. त्या दिवशीच्या सभेत एकच विषय होता. तिसरीच्या वर्गात टिनातून पाणी गळतं, मुलं कोरडा कोपरा पाहून दाटीवाटीनं बसतात, त्याचं काय करायचं? ओसरीत बसून तिनं बिल उलगडलं, तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, “मामाजी, इथं शिक्षण कर १३५ रुपये लावेल आहे. आपण तर दरसाल भरतो. मंग शाळेच्या टिनातून पाणी काहून गळते?”

मी ३२ वर्षं करवसुली केली. १९८७ साली शेजारच्या जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत लिपिक म्हणून लागलो आणि २०१९ साली निवृत्त होऊन रिसोडला घरी परतलो. हजारो दारांत मी हे बिल दिलं असेल. पाणीपट्टीवरून लोक भांडले, घराच्या मोजमापावरून भांडले, दिवाबत्ती करावरून तर रोज भांडले, कारण खांबावरचा दिवा बंद असला की तो सगळ्यांना दिसतो. शिक्षण कराच्या ओळीवर मात्र माझ्यासमोर कुणी कधी बोट ठेवलं नाही. सुनेच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. ते तिला नीट समजावून सांगायला आठ दिवस गेले, रोज संध्याकाळी थोडं थोडं. तेच इथं मांडतो आहे. रिसोडच्या निमित्तानं सांगतो, पण महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या शहरात बिल हेच आहे आणि प्रश्नही हाच.

तिसऱ्या ओळीतला पैसा जातो कुठं?

बिलातल्या सगळ्या ओळी एका तिजोरीत जात नाहीत. मालमत्ता कर, दिवाबत्ती कर, अग्निशमन कर हे पालिकेचे. शिक्षण कर पालिकेचा नाही. ‘महाराष्ट्र शिक्षण व रोजगार हमी (उपकर) अधिनियम, १९६२’ या कायद्यानं तो राज्य शासनानं लावलेला आहे. दुकान, गोदाम, कारखाना अशा बिगरनिवासी मालमत्तेवर याच कायद्याखाली रोजगार हमी कर लागतो. पालिका या दोन्ही करांची फक्त वसुली करते आणि रक्कम चलानानं शासनाकडं भरते. ही चलानं मी स्वतः वर्षानुवर्षं भरली आहेत.

आमच्या भागात ही वसुली पिकावर चालते. इथं खरिपात सोयाबीन आणि तूर. सोयाबीन बाजार समितीत गेलं, हाती पैसा आला, की मग घरपट्टी आठवते. २०२४-२५ साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि खुल्या बाजारात त्याहून कमी भावानं माल विकावा लागला. अशा वर्षी वसुली ढेपाळते. मग मार्च उजाडला की थकबाकीदाराच्या दारात हलगी वाजवायची, नळ तोडायची नोटीस द्यायची, जप्तीचा कागद काढायचा. मी हे सगळं केलं आहे. एका म्हाताऱ्या विधवेनं पदराच्या गाठीतले पैसे सोडून माझ्यासमोर मोजले, तो दिवस मी विसरलेलो नाही. त्या पैशात शिक्षण करही होता.

मी होतो त्या पालिकेत एकदा कर्मचाऱ्यांचे पगार तटले. तेव्हा गोळा झालेला शिक्षण कर शासनाकडं भरायच्या ऐवजी पगारात वापरला गेला. पुढं शासनानं ती रक्कम पालिकेच्या अनुदानातून वळती करून घेतली. हिशोब जुळला. पण या सगळ्या उलाढालीत शाळेचं नाव कुठंच आलं नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानातही आलं नव्हतं.

म्हणून सुनेला पहिलं उत्तर दिलं ते असं : हे १३५ रुपये आपल्या गावातून निघतात, पण आपल्या गावच्या शाळेच्या नावानं परत येत नाहीत. ते राज्याच्या खजिन्यात मिसळतात. शाळेला जे मिळतं ते दुसऱ्याच वाटांनी.

एका शाळेच्या चार तिजोऱ्या

या वाटा चार आहेत आणि प्रत्येकीची किल्ली वेगळ्या माणसाकडं आहे.

पहिली वाट पगाराची. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या खर्चातला सगळ्यात मोठा वाटा शिक्षकांच्या पगाराचा, आणि तो मुख्यतः राज्य शासन उचलतं. शिक्षक किती, हे पटावरून ठरतं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० मुलांना ३. नातीच्या शाळेत ८४ मुलं आहेत, म्हणजे ३ शिक्षक. २४ मुलं दुसरीकडं गेली की एक शिक्षक गेला. एक शिक्षक गेला की दोन-तीन वर्ग एकत्र बसतात. ते पाहून आणखी काही पालक मुलाला काढून घेतात. संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षकसंख्या मंजूर करणारा, कागद आला की मुख्याध्यापकांचा जीव टांगणीला लागतो, तो याच्यामुळं.

दुसरी वाट समग्र शिक्षा अभियानाची. हे २०१८ साली सुरू झालं. त्यात ६० टक्के केंद्राचे आणि ४० टक्के राज्याचे. या योजनेतून शाळेला वर्षाचं संयुक्त शाळा अनुदान मिळतं आणि तेही पटावरच. ३१ ते १०० मुलांच्या शाळेला २५ हजार, १०१ ते २५० मुलांना ५० हजार, २५१ ते १००० मुलांना ७५ हजार, त्यापुढं १ लाख. आमच्या शाळेच्या वाट्याला वर्षाला २५ हजार. त्यातले किमान १० टक्के, म्हणजे अडीच हजार, स्वच्छतेवर खर्चायचे. उरलेल्या साडेबावीस हजारांत लाईट बिल, खडू, रजिस्टरं, झाडू, नळाची तोटी, तुटलेली खिडकी आणि वर्षभराची किरकोळ दुरुस्ती. भागवलं तर महिन्याला १,८७५ रुपये. माझ्या घराचा किराणा यापेक्षा जास्त लागतो.

तिसरी वाट इमारतीची. नवी खोली, टिनं, संडास, कंपाउंड. हा पैसा बहुतेक जिल्हा नियोजन समितीकडून येतो आणि तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. आधी अंदाजपत्रक, मग तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, मग निविदा. एखाद्या टप्प्यावर कागद थांबला आणि ३१ मार्च उलटला की बऱ्याचदा पहिल्यापासून सुरुवात.

चौथी वाट देणगीची आणि बक्षिसाची. गावाची लोकवर्गणी, आमदारांचा स्थानिक विकास निधी, कंपन्यांचा सामाजिक निधी. २०२३ साली राज्यानं दत्तक शाळा योजना आणली, देणगीदारानं शाळा दत्तक घ्यायची. २०२४च्या सुरुवातीला ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ ही स्पर्धा सुरू झाली. तालुक्यात पहिल्या आलेल्या शाळेला ३ लाखांचं बक्षीस. ज्या शिक्षकांनी मेहनत घेऊन बक्षीस मिळवलं त्यांचं कौतुकच आहे. पण जिचं छत गळतं ती शाळा सुंदर शाळांच्या रांगेत कशी उभी राहणार? आधीच सावरलेल्या शाळेला बक्षीस मिळतं आणि जिला गरज तिला हात हलवत परत यावं लागतं. गरजेचा पैसा स्पर्धेनं वाटणं मला मान्य नाही.

या चार वाटांच्या चौकात आमची समिती उभी होती. टिनं आणि कैच्या बदलायला १ लाख ८० हजारांचा अंदाज निघाला. तो घेऊन सून आणि आणखी दोन आया एका कार्यालयात गेल्या. तिथं सांगितलं, “शिक्षक आमचे आहेत, पण जागा आमच्या नावावर नाही.” दुसऱ्या कार्यालयात गेल्या. तिथं सांगितलं, “जागेची नोंद आमच्याकडं आहे, पण शाळा आमची नाही.” तिसऱ्या ठिकाणी अर्ज ठेवून घेतला आणि पोच दिली. ती पोच सुनेनं जपून ठेवली आहे. तीन आयांची त्या दिवशीची मजुरी बुडाली, एवढाच काय तो झालेला खर्च.

काम खाली, पैसा वर

त्या दिवशी सून चिडून म्हणाली, “मामाजी, कायदा तरी काय म्हणते?” म्हणून मी माझ्या जुन्या पुस्तकांची पेटी काढली.

राज्यघटनेची ७४वी दुरुस्ती १९९३ साली लागू झाली आणि शहरांच्या पालिकांना घटनेत जागा मिळाली. पालिकांकडं सोपवता येतील अशा कामांची यादी बाराव्या अनुसूचीत आहे, एकूण १८ कामं. पंचायतींची यादी अकराव्या अनुसूचीत आहे, २९ कामं. पंचायतींच्या यादीत प्राथमिक आणि माध्यमिक शाळांसह शिक्षण असं स्पष्ट लिहिलेलं आहे. पालिकांच्या यादीत शाळा हा शब्द नाही. तिथं सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींचं संवर्धन असं एक मोघम कलम आहे. नाट्यगृह आणि शाळा एकाच ओळीत. ज्या कामाला स्पष्ट नाव नाही त्याला अर्थसंकल्पातही मागची बाकं मिळतात, हे मी ३२ वर्षं पाहिलं.

शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. त्याच्या व्याख्येत नगर परिषद हेही स्थानिक प्राधिकरण आहे. ९व्या कलमानं इमारत, शिक्षक, शिकवण्याचं साहित्य पुरवण्याचं कर्तव्य स्थानिक प्राधिकरणावर टाकलं. ७व्या कलमानं पैसा पुरवण्याची जबाबदारी केंद्र आणि राज्य दोघांवर मिळून टाकली. म्हणजे काम खालच्यानं करायचं आणि पैसा वरच्यानं द्यायचा. मधल्या जिन्यावर कागद अडकला तर दोघंही एकमेकांकडं बोट दाखवू शकतात.

हा वाद नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगासमोर महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिलं. शेतकऱ्याच्या घामातून सरकारचा महसूल उभा राहतो आणि त्याच्याच पोराला शाळा मिळत नाही, हे त्यांनी त्यात मांडलं. त्याच निवेदनात नगरपालिकांविषयी एक सूचना आहे. आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा खर्च पालिकांनी पूर्ण उचलावा, मात्र त्या शाळांचा कारभार पालिकांच्या हाती देऊ नये, तो शिक्षण खात्याच्या देखरेखीखाली राहावा, असं जोतीरावांनी सुचवलं होतं. पालिकेत कोणत्या घरची माणसं निवडून येतात आणि ती कोणाच्या मुलांना शाळेत बसू देतील, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पैसा गावाचा असावा, पण गावातल्या बलवानांच्या लहरीवर शाळा असू नये, ही त्यांची काळजी आजही लागू आहे.

पुढं १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नानं मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचा, त्यासाठी कर बसवण्याचा अधिकार मिळाला. आमचं वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होतं. तिथं १९२० साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला. शाळेसाठी कर देण्याची सवय आपल्या शहरांना शंभर वर्षांपासून आहे. त्या कराचा हिशोब मागण्याची सवय मात्र लागली नाही.

मतं कुठं पडतात

मी नोकरीला लागलो तेव्हा त्या पालिकेच्या स्वतःच्या ११ शाळा होत्या. शहराच्या वेशीवर जकात नाका होता. ट्रक आला, पावती फाडली, पैसा त्याच दिवशी पालिकेत. १९९९ साली नगरपालिका हद्दीतली जकात बंद झाली आणि तिच्या जागी शासनाचं सहायक अनुदान आलं. व्यापाऱ्यांची कटकट गेली, ते बरंच झालं. पण त्या दिवसापासून पालिकेचं तोंड मुंबईकडं वळलं. आपल्या गावात किती उलाढाल झाली यापेक्षा मंत्रालयातून हप्ता कधी सुटतो, याकडं सगळ्यांचे डोळे.

तेव्हा पालिकांची शिक्षण मंडळंही होती. काही मंडळांवर खरेदीत हात मारल्याचे आरोप झाले आणि ते सगळेच खोटे नव्हते. २०१३ साली राज्यानं ही मंडळं मोडीत काढली. भ्रष्टाचार थांबवायचा हेतू योग्य होता. पण मंडळांबरोबर आणखी एक गोष्ट गेली. शाळा हाच ज्यांचा एकमेव विषय आहे आणि ज्यांना गाठून पालक जाब विचारू शकतो, अशी माणसं शहरात उरली नाहीत. आता नगर परिषदेत शिक्षण, क्रीडा व सांस्कृतिक कार्य अशी एक विषय समिती असते. पाणीपुरवठा किंवा बांधकाम समिती मिळावी म्हणून रात्र रात्र बैठका झालेल्या मी पाहिल्या. शिक्षण समितीसाठी कुणी रात्र जागवलेली पाहिली नाही.

घरपट्टीची फेरआकारणी दर चार वर्षांनी करायची असते. ती निवडणुकीच्या तोंडावर आली की सभागृहातला प्रत्येक जण ती पुढं ढकलायला बघतो, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. पंधराव्या वित्त आयोगानं शहरांना निधी देताना अटी घातल्या, त्यात मालमत्ता कराचे किमान दर ठरवणं आणि वसुली वाढवत नेणं या होत्या. दहा लाखांपेक्षा लहान शहरांसाठी त्या निधीतले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले आणि ४० टक्के मोकळे. मोकळ्या ४० टक्क्यांतून पगार देता येत नव्हते. पण त्यातून काय काय उभं राहिलं? सिमेंट रस्ता, नाली, चौकातला हायमास्ट, सभामंडप. ही कामं वाईट नाहीत, नाली लागतेच. पण रस्त्याच्या उद्घाटनाला गल्ली गोळा होते आणि फोटो निघतो. टिनं बदलली तर कोण फोटो काढणार?

याच्या मुळाशी एक दुःखाची गोष्ट आहे. ज्याचा आवाज कार्यालयात ऐकू जातो, त्याचं मूल आता सरकारी शाळेत नाही. रिसोड जुनं गाव. ऋषिवटावरून रिसोड झालं, असं म्हातारी माणसं सांगतात. पिंगलाक्षी देवीचं हे ठाणं. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ३४ हजारांच्या आसपास. सकाळी वाशिम रोडला उभं राहिलं की पिवळ्या बसगाड्यांची रांग दिसते. शिक्षक, कर्मचारी, व्यापारी, बागायतदार, सगळ्यांची मुलं त्यात. कित्येक कास्तकार तर सोयाबीनचे पैसे आले की आधी फी भरतात, मग बियाण्याची उधारी. त्यांना मी दोष देत नाही, आपल्या लेकराचं भलं कोण पाहत नाही? पण सरकारी शाळेत मागं उरली ती बाजार समितीत पोती उचलणाऱ्या हमालांची, वीटभट्टीवर जाणाऱ्यांची, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायांची मुलं. वर्षातले चार महिने ज्यांचं बिऱ्हाड पाठीवर असतं, ते पालक सभागृहात जाऊन कधी बोलणार? त्यातच अनेक शहरांत खासगी शिक्षण संस्था चालवणारी माणसंच पालिकेच्या राजकारणात असतात. सरकारी शाळा नांदती झाली तर संस्थेचा पट घटतो. संस्थेचं हित आणि सरकारी शाळेचं हित या दोन गोष्टी एका माणसात नांदू शकत नाहीत, हे मी स्पष्ट बोलतो.

मधल्या काळात तर विचारायलाही कुणी नव्हतं. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा इतर मागासवर्गीय आरक्षणावर निकाल लागला, विकास किशनराव गवळी यांच्या याचिकेवर. त्यात वाशिम जिल्हा परिषदेच्या जागांचाही प्रश्न होता. त्यानंतर राज्यभर निवडणुका रखडल्या आणि पालिकांवर प्रशासक बसले. आमच्याकडंही सभागृह रिकामं होतं. टिनं गळत होती त्या पावसाळ्यात पालकांनी कोणाचं दार ठोठावायचं? २०२५च्या डिसेंबरात राज्यातल्या नगर परिषदांचं मतदान झालं. आमच्या दारी मतं मागायला आलेल्या प्रत्येकाला सुनेनं एकच विचारलं, “शाळेचं काय?” उत्तरात सगळ्यांनी रस्त्याचं सांगितलं.

आपला वाशिम जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. २०१८ साली महाराष्ट्रातले चारच जिल्हे त्या यादीत होते, गडचिरोली, नंदुरबार, तेव्हाचं उस्मानाबाद आणि वाशिम. या जिल्ह्यांची प्रगती मोजताना १०० पैकी ३० गुण शिक्षणाला. देशानं आपल्या जिल्ह्याला शिक्षणावर तोलायचं ठरवलं आहे. मग गावाच्या राजकारणात शिक्षणाला काही वजन नको?

४७ बिलांची बेरीज

पावसाळा सरल्यावर सुनेनं एक काम केलं. समितीतल्या आयांना घेऊन ती ८४ मुलांच्या घरी गेली. घरं भरली ६१. त्यातली १४ भाड्याची, म्हणजे बिल घरमालकाच्या नावावर. उरलेल्या ४७ घरांची घरपट्टीची बिलं त्यांनी झेरॉक्स करून आणली. रात्री आम्ही दोघांनी ओसरीत बसून तिसऱ्या ओळीची बेरीज केली. ६,३४५ रुपये. टिनांना लागणार होते १ लाख ८० हजार.

सून गप्प झाली. म्हणाली, “एवढेच? मंग आपण कोन्त्या तोंडानं मागावं?”

तेव्हा मी तिला परमुलखातली एक हकिगत सांगितली. अमेरिकेत शाळांचा बराच खर्च तिथल्या घरपट्टीतूनच चालतो आणि तो पैसा त्याच वस्तीच्या शाळांना मिळतो. ऐकायला चांगलं वाटतं. पण टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनियो शहरात एजवूड नावाचा गरीब भाग होता. तिथले लोक १०० डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर कर देत. तरी घरंच स्वस्त, म्हणून एका मुलामागं जमायचे २६ डॉलर. शेजारच्या अलामो हाइट्स या श्रीमंत भागात दर होता ०.८५ डॉलर आणि एका मुलामागं जमायचे ३३३ डॉलर. कर जास्त भरायचा गरिबानं आणि शाळा चांगली श्रीमंताची. डेमेट्रिओ रॉड्रिग्ज हा पत्राकाम करणारा एक बाप इतर पालकांसोबत कोर्टात गेला. १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तो ५ विरुद्ध ४ मतांनी हरला. पण माणसं थांबली नाहीत. १९८९ साली टेक्सासच्याच सर्वोच्च न्यायालयानं ही पद्धत राज्याच्या घटनेविरुद्ध ठरवली.

यातून मी एक शिकलो. शिक्षण कर जसाच्या तसा गल्लीला परत द्या, ही मागणी आपण करू नये. तसं झालं तर मुंबईच्या शाळा झळकतील आणि रिसोडच्या अंधारात राहतील. मुंबई महानगरपालिकेचा २०२५-२६चा एकट्या शिक्षणाचा अर्थसंकल्प ३,९५५ कोटींचा होता. आमच्यासारख्या ‘क’ वर्गातल्या पालिकेनं तेवढा पैसा स्वतःच्या घरपट्टीतून उभा करावा असं कुणी म्हणू शकत नाही. म्हणून गरीब गावच्या शाळेला वरूनच जास्त मिळालं पाहिजे, आणि ते पटावर नव्हे तर गरजेवर मिळालं पाहिजे. ८४ मुलांचं छत आणि ४०० मुलांचं छत, पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो.

पण म्हणून ते ६,३४५ रुपये निरर्थक नाहीत. पोती उचलून, भांडी घासून भरलेला तो पैसा आहे. करानं रस्ता होवो न होवो, कर भरणारा मालक होतो. ज्यानं १३५ रुपये भरले त्याला शाळेचा हिशोब विचारण्याचा अधिकार १३५ रुपयांपुरता नाही, पूर्ण आहे. मी हेच सुनेला सांगितलं, “तू मागायला जात नाहीस बाई, विचारायला जाते आहेस.”

विचारायचं कसं?

शिक्षण हक्क कायद्यानं त्यासाठी हत्यार दिलं आहे, फक्त ते फारसं कुणी वापरत नाही. २१व्या कलमानं प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती असावीच लागते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला. २२व्या कलमानं या समितीनं शाळा विकास आराखडा तयार करायचा. आणि त्याच कलमात पुढं लिहिलं आहे की शासनानं आणि स्थानिक प्राधिकरणानं अनुदानाचं नियोजन या आराखड्याच्या आधारानं करायचं. हमालाच्या बायकोनं सही केलेल्या कागदाला कायद्यानं एवढी किंमत दिली आहे. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी हा आराखडा मुख्याध्यापकांच्या कपाटात असतो आणि सह्या घरोघरी फिरून घेतल्या जातात. असं होऊ देऊ नका.

माझ्या नोकरीच्या अनुभवावरून सांगतो, कागद कधी पोचला यावर त्याचं नशीब ठरतं. पालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीत मंजूर होतो, त्याची जुळवाजुळव डिसेंबर-जानेवारीतच होते. मार्चमध्ये दिलेला अर्ज पुढच्या वर्षाच्या ढिगात जातो. म्हणून आराखडा दिवाळीनंतर लगेच बनवा. त्यात ‘शाळेचा विकास करावा’ असं मोघम लिहू नका. किती टिनं, किती फूट, किती रुपये, जागा कोणाच्या नावावर, हे लिहा. जागेच्या नोंदीचा उतारा काढून सोबत जोडा, म्हणजे जागा आमची नाही असं कुणी सांगणार नाही. एक प्रत नगर परिषदेला, एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक आपल्या वॉर्डातल्या नगरसेवकाला द्या आणि प्रत्येकाकडून पोच घ्या. नगरसेवकाला सभागृहात एवढंच विचारायला सांगा : आपल्या शहरातून गेल्या वर्षी किती शिक्षण कर वसूल झाला, आणि शहरातल्या सरकारी शाळांच्या इमारतींवर किती खर्च झाला? हे दोन आकडे एकदा एकाखाली एक लिहिले गेले की शाळा आपोआप राजकारणाचा विषय होईल. आणि ती व्हावी. ज्या विषयावर मतं पडत नाहीत त्यावर पैसा पडत नाही.

शासनाकडंही एक मागणी आहे. शहरातून जमा झालेल्या शिक्षण कराचा आकडा आणि त्या शहरातल्या शाळांवरचा खर्च दरवर्षी नगर परिषदेच्या फलकावर लावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, एक आदेश पुरतो.

ज्यांची मुलं खासगी शाळेत आहेत त्यांनाही माझं सांगणं आहे. तुमच्याही बिलात ती ओळ आहे. फी तुम्ही आपल्या मुलासाठी भरता, शिक्षण कर तुम्ही गावाच्या मुलांसाठी भरता. तो कुठं गेला हे विचारणं तुमचंही काम आहे.

आमच्या समितीचा आराखडा आता तयार आहे. सह्या घरोघरी फिरून नाही, सभेत बसून झाल्या. मागं ती ४७ बिलं जोडली आहेत, प्रत्येकात तिसऱ्या ओळीखाली लाल रेघ. वाचकहो, तुमच्या घरचं बिल कपाटातून काढा. शिक्षण कराची ओळ शोधा, तिच्यावर बोट ठेवा, आणि जवळच्या सरकारी शाळेच्या पुढच्या सभेला जाऊन बसा.